द पेरेंट ट्रॅप (१९६१)

वॉल्ट डिस्ने यांच्या निर्मितिसंस्थेचा इंग्रजी रंगीत चित्रपट. पटकथा व दिग्दर्शन डेव्हिड स्विफ्ट, छायाचित्रण लुसियन बॅलार्ड, पार्श्वसंगीत पॉल स्मिथ, गाणी रॉबर्ट व रिचर्ड शर्मन या बंधूंची. प्रमुख भूमिका हेली मिल्स (दुहेरी), मॉरीन ओ’हारा, ब्रायन कीथ, जोआना बार्न्स, चार्ली रगल्स, कॅथलीन नेस्बिट, उना मर्केल व लिओ जी. कॅरल. अमेरिकेत जून १९६१ मध्ये प्रदर्शित. जर्मन लेखक एरिख केस्टनर (१८९९–१९७४) यांच्या ‘डास डॉपेल्टे लोट्शेन’ (१९४९) या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कादंबरीच्या नावाचा अर्थ ‘दुहेरी लोट्टे’ (लोट्टे हे मुलीचे नाव) असा काहीसा होईल, तर चित्रपटाच्या नावाचा ‘आईबापांसाठी लावलेला सापळा’.

डिस्नेचा शिक्का आणि पडद्यावर दोन खोडकर मुली, एवढ्यावरून हा चित्रपट बालचित्रपटांच्या कप्प्यात टाकला जातो. प्रत्यक्षात ही प्रेमकथा आहे चाळिशीला टेकलेल्या दोन माणसांची. ती एकदा जमली, मोडली, आणि तेरा-चौदा वर्षांनी त्यांच्याच मुलींनी लबाडीने पुन्हा जमवून आणली. प्रेमी मोठे आणि कारस्थानी लहान, ही उलटापालट चित्रपटाचा खरा जीव आहे. हॉलिवूडच्या प्रणय-विनोदिकांच्या परंपरेत त्याची जागा वेगळी ठरते ती याच कारणाने.

कथानक

मिस इंच यांच्या मुलींच्या उन्हाळी शिबिरात बॉस्टनची शॅरन मॅकेन्ड्रिक आणि कॅलिफोर्नियाची सुसान एव्हर्स समोरासमोर येतात. चेहरा एकच, बाकी सारे वेगळे. शॅरन घरंदाज, नेटकी, शिष्टाचारात वाढलेली. सुसान मळ्यावर, घोड्यांच्या संगतीत मोकळी वाढलेली. आपल्यासारखी दुसरी दिसल्यावर दोघींना आनंद होत नाही, राग येतो. खोड्यांची जुगलबंदी सुरू होते, मुलांच्या शिबिराबरोबरच्या नाचाच्या कार्यक्रमात ती हातघाईवर येते, आणि शिक्षा म्हणून दोघींना इतरांपासून दूर एका झोपडीत एकत्र डांबले जाते. वादळी वाऱ्याने खिडकी उघडते, सुसानची भिंतीवरची चित्रे उडतात, शॅरन खिडकी लावायला धावते आणि प्रथमच दोघी सरळ बोलू लागतात. एकीला वडील माहीत नाहीत, दुसरीला आई. शॅरनजवळचा आईचा फोटो पाहिल्यावर सगळा उलगडा होतो.

मग अदलाबदल. केस कापायचे, एकीने दुसरीच्या नखे कुरतडण्याच्या सवयीसुद्धा शिकायच्या आणि एकमेकींच्या घरी जायचे. सुसानला आई मिळते, शॅरनला बाप. पण बापाच्या घरी व्हिकी रॉबिन्सन नावाची देखणी तरुणी लग्नाची तारीख ठरवायच्या बेतात असते. तिचे लक्ष मिच एव्हर्सपेक्षा त्याच्या जमिनीकडे अधिक आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या भेटीतच कळते. बॉस्टनमध्ये बिंग फुटते, आई मॅगी मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात येते आणि खरी मौज इथून सुरू होते. आईवडिलांची पहिली भेट ज्या इटालियन खानावळीत झाली होती, ती मुली घराच्या अंगणात हुबेहूब उभी करतात. घरातली वर्बीना रांधते, मळ्यावरचा हेकी व्हायोलिनवाल्याच्या वेशात उभा राहतो. जेवण निम्म्यावर येईतो आईबाप जुन्या भांडणावर घसरतात. पुढे मुली ‘आमच्यातली कोण कोण ते सांगणारच नाही’ असा हट्ट धरतात आणि सगळ्यांनी मिळून रानात मुक्कामाला जायची अट घालतात. मॅगी हुशारीने स्वतः मागे राहते आणि व्हिकीला पुढे करते. डासांच्या औषधाच्या बाटलीत साखरेचे पाणी, पायाला मध आणि तो चाटायला आलेली अस्वलाची पिले, असे एकेक सोसत व्हिकी शेवटी एका मुलीच्या थोबाडीत मारते. लग्न मोडते. घरी परतल्यावर मिचला मॅगी रांधत असलेली सापडते, आणि चित्रपट दुसऱ्या लग्नाकडे वळतो.

मूळ कादंबरी

केस्टनर यांचे नाव मुलांच्या साहित्यात ‘एमिल आणि गुप्तहेर’ (१९२९) या कादंबरीने आधीच मोठे झाले होते. नाझी राजवट आली तेव्हा १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये जी पुस्तके जाळली गेली त्यांत त्यांचीही होती. गर्दीत उभे राहून त्यांनी ते स्वतः पाहिले. देश सोडून न गेलेल्या थोड्या नावाजलेल्या लेखकांपैकी ते एक. लेखनबंदीत असताना मधल्या काळात त्यांना टोपणनावाने पटकथा लिहिण्याची सवलत मिळाली आणि ‘म्युन्शहाउझेन’ (१९४३) हा भव्य रंगीत चित्रपट त्यांनी लिहिला. दिग्दर्शक होते योझेफ फॉन बाकी. ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणींची कल्पनाही याच सुमारास चित्रपटासाठी म्हणून सुचली होती. पण बंदी पुन्हा लागू झाली आणि कल्पना फडताळात पडली. युद्धानंतर म्युनिकमध्ये वृत्तपत्रात काम करत असताना केस्टनर यांनी तिची कादंबरी केली. वाल्टर ट्रियर यांच्या चित्रांसह ती १९४९ मध्ये निघाली. म्हणजे हॉलिवूडने कादंबरीचा चित्रपट केला असे आपण म्हणतो खरे, पण ही गोष्ट जन्मली होती पडद्यासाठीच. लुइझे आणि लोट्टे या कादंबरीतल्या जुळ्या बहिणींच्या प्रसंगांत दृश्यांचे तुकडे जोडल्यासारखी जी गती आहे, तिचे मूळ तिथे आहे.

कादंबरीत शिबिर आहे झेब्युल नावाच्या तळ्याकाठच्या गावी. लुइझे पाल्फी व्हिएन्नाची, लोट्टे कोर्नर म्युनिकची. आईचे नाव लुइझेलोट्टे. घटस्फोटात आईच्या नावाचेही दोन तुकडे झाले आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक आला. हा तपशील कादंबरी फार गाजावाजा न करता सांगते. वडील संगीतकार व ऑपेराचे वाद्यवृंद-संचालक. आई सचित्र साप्ताहिकात छायाचित्रांचे काम पाहते. मुली नऊ-दहा वर्षांच्या.

अदलाबदलीतली गंमत केस्टनर घरगुती गोष्टींतून काढतात. व्हिएन्नाच्या इम्पीरियल हॉटेलात लुइझे एका बैठकीला पाच भरलेली ऑम्लेटे फस्त करत असे. तिच्या जागी गेलेल्या लोट्टेला ती घशाखाली उतरत नाहीत, तरी कौतुकाने वाढणाऱ्या वेटरसमोर खावीच लागतात. पेपर्ल नावाच्या कुत्र्याला मात्र फसवता येत नाही. म्युनिकमध्ये उलट: आई दिवसभर कामावर, त्यामुळे लोट्टे एवढ्याशा वयात बाजारहाट आणि स्वयंपाक करणारी, आणि तिच्या जागी आलेल्या लुइझेला चुलीशी झटताना घाम फुटतो.

केस्टनर यांचे खरे धाडस विषयात होते. मुलांच्या पुस्तकात घटस्फोट कशाला, असे विचारणाऱ्या मोठ्यांना त्यांनी कादंबरीतच थांबून उत्तर दिले आहे. शर्ली टेम्पल ही लहानगी नटी जगभर प्रसिद्ध होती, पण स्वतःचाच चित्रपट पाहायला गेली तर वयाने लहान म्हणून तिला आत सोडत नसत, असा किस्सा सांगून ते म्हणतात की आईबापांच्या घटस्फोटाने पुष्कळ मुले दुःख भोगतात आणि आईबाप घटस्फोट घेत नाहीत म्हणूनही पुष्कळ मुले दुःख भोगतात. महायुद्धानंतर जर्मनीत घटस्फोटांची संख्या झपाट्याने वाढली होती. वाक्याचा दुसरा भाग आजही वाचताना थांबायला लावतो. पुढे झालेल्या बहुतेक रूपांतरांनी नेमका तोच गाळला.

कादंबरीचे पहिले चित्रपट-रूप १९५० मध्ये पश्चिम जर्मनीत झाले. दिग्दर्शक पुन्हा फॉन बाकी, मुख्य भूमिकांत ईझा आणि युटा ग्युंटर या खऱ्या जुळ्या बहिणी, आणि निवेदनाचा आवाज खुद्द केस्टनर यांचा. यानंतर जपानमध्ये गायिका हिबारी मिसोरा हिला घेऊन (१९५१) आणि ब्रिटनमध्ये एमरिक प्रेसबर्गर यांच्या दिग्दर्शनाखाली (१९५३) ही कथा पडद्यावर आली. डिस्ने या रांगेत बरेच मागे होते.

जर्मन कथेचे अमेरिकीकरण

स्विफ्ट यांनी कथेचा सांगाडा ठेवला आणि आतला माणूस बदलला. सर्वांत मोठा फरक पैशाचा. कादंबरीतली आई पोटासाठी नोकरी करते, मुलगी घर सांभाळते. दारिद्र्य नसले तरी हातचे राखून खर्च करावा लागतो. चित्रपटातली मॅगी बॉस्टनमधल्या आपल्या आईवडिलांच्या वाड्यात राहते आणि मिच मोठ्या मळ्याचा मालक आहे. दोन्हीकडे कामाला माणसे. त्यामुळे मुलींच्या जीवनातला फरक ‘शिष्ट’ आणि ‘रांगडा’ एवढाच उरतो. कोणाला कष्ट पडतात आणि कोणाला पडत नाहीत हा प्रश्नच येत नाही. बदल्यात काय मिळाले? पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा ही अमेरिकी प्रेक्षकाला चटकन हसवणारी जोडी, आणि मॉरीन ओ’हाराला स्वयंपाकघराऐवजी दिवाणखाना.

दुसरा फरक आजाराचा. कादंबरीत वडील दुसरे लग्न करणार हे कळल्यावर लोट्टे त्यांच्या नियोजित वधूकडे, इरेने गेर्लाखकडे, एकटी जाऊन ‘हे लग्न होता कामा नये’ असे सांगून येते आणि पुढे ताण असह्य होऊन तापाने अंथरुणाला खिळते. तिच्या आजारपणामुळे आईवडील एकत्र येतात. चित्रपटात ताप नाही, अस्वलाची पिले आहेत. व्हिकीचा पाणउतारा पडद्यावर धमाल दिसतो, पण मूल आतून मोडत चालल्याची जाणीव त्यात हरवते. व्हिकीवर अन्यायही होतो. ती धनलोभी आहे हे ठसवले की तिला छळण्याची मुभा मिळते, आणि तेवढ्यासाठीच तिला तशी रंगवले आहे.

एक प्रश्न तर सगळ्याच रूपांतरांच्या पायाशी आहे: जुळ्या मुली एकेक वाटून घ्यायच्या आणि दुसरी अस्तित्वात आहे हे कधीच सांगायचे नाही, असे करणारे आईबाप आपण प्रेमळ कसे मानायचे? केस्टनर निदान कारणमीमांसा करतात. कोवळ्या वयातले लग्न, दोन तान्ह्या मुलींचे रडणे, शांतता हवी म्हणून बाहेर जागा घेणारा संगीतकार, त्यातून वाढलेला संशय. चित्रपट हा प्रश्न हसण्यात वाहून जाऊ देतो. ओ’हारा आणि कीथ इतके लाघवी आहेत की प्रेक्षकही तो विचारायचा विसरतो.

पुनर्विवाहाची विनोदिका

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडक झालेल्या सेन्सॉर-संहितेखाली विवाहबाह्य प्रेम दाखवणे अवघड होते. त्यातून एक पळवाट रूढ झाली: नायक-नायिका आधीच नवरा-बायको असावीत, भांडून वेगळी व्हावीत आणि शेवटी पुन्हा एकत्र यावीत. चावटपणाही साधतो आणि नीतीही सांभाळली जाते. तत्त्वचिंतक स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला ‘पुनर्विवाहाची विनोदिका’ म्हटले आणि १९३४ ते १९४९ मधल्या सात चित्रपटांवर त्याची मांडणी केली. त्या चित्रपटांतल्या जोडप्यांना सहसा मूलबाळ नसते. मूल आले की भांडण खेळकर राहत नाही.

‘द पेरेंट ट्रॅप’ कॅव्हेल यांच्या यादीत नाही, पण घाट तोच आहे आणि अवघड भाग, म्हणजे मुले, त्याने थेट मध्यभागी आणून ठेवला आहे. जुन्या चित्रपटांत जो कावा नायक किंवा नायिका करत असे, तो इथे मुलींकडे गेला. त्यामुळे मोठ्यांना अवघडायला आणि लाजायला मोकळीक मिळाली. मॅगी मिचचाच अंगरखा घालून त्याच्या घरात वावरते आणि तिला पाहता पाहता मिच धडपडतो, वाद टोकाला जाऊन मिचच्या डोळ्यावर ठोसा बसतो, आणि लग्न लावायला आलेले धर्मोपदेशक मॉस्बी (लिओ जी. कॅरल) हा सगळा गोंधळ मनापासून हसत पाहत बसतात. शब्द फारसे न बोलता दोघांमधली जुनी ओढ दाखवणारे हे प्रसंग चित्रपटातले सर्वांत पक्व. याच वर्षी सॅम पेकिन्पा यांच्या पहिल्या चित्रपटातही ओ’हारा आणि कीथ एकत्र होते, पण तो पश्चिमपट (वेस्टर्न). तिथे ही ऊब नाही.

एकीच्या दोघी

हेली मिल्स ही ब्रिटिश नट जॉन मिल्स यांची मुलगी. आधीच्या वर्षी ‘पॉलिअॅना’त, स्विफ्ट यांच्याच दिग्दर्शनाखाली, तिने अमेरिकी प्रेक्षक जिंकला होता आणि बालकलाकारांसाठीचे खास ऑस्करही मिळवले होते, तो पुरस्कार त्यानंतर कोणाला दिला गेला नाही. या चित्रपटाच्या वेळी ती चौदा वर्षांची होती. फॉन बाकी यांच्यासारखी खरी जुळी न शोधता डिस्नेने एकाच मुलीकडून दोन्ही भूमिका करून घेतल्या, त्यामुळे तंत्राचे ओझे वाढले.

बऱ्याच दृश्यांत दुसरी मुलगी म्हणून सुसान हेनिंग ही समवयस्क नटी पाठमोरी किंवा खांद्याआड उभी आहे. श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. समोरासमोरच्या दृश्यांसाठी एक तर पडदा उभा दुभागून दोनदा चित्रण केले गेले, किंवा सोडियम-बाष्प पद्धत वापरली गेली. या पद्धतीत नटाच्या मागचा पडदा सोडियमच्या दिव्यांनी उजळतात. तो पिवळा प्रकाश वर्णपटाच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात असतो. कॅमेऱ्यातला लोलक तेवढाच प्रकाश वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर टाकतो, आणि नटाची नेमकी कापलेली छायाकृती आपोआप तयार होते. केसांच्या बटा, पातळ कापड अशा, मागे निळा पडदा लावण्याच्या पद्धतीला न जुमानणाऱ्या गोष्टीही त्यात स्वच्छ येतात. पेट्रो व्ह्लाहोस आणि डिस्नेचे जुने सहकारी अब आयवर्क्स यांची ही कामगिरी. पुढे ‘मेरी पॉपिन्स’मध्ये (१९६४) ती अधिक गाजली. स्विफ्ट यांनी आधी अशी मोजकीच दृश्ये योजली होती. ती इतकी बेमालूम जमली, की वॉल्ट डिस्ने यांनी पटकथेत आणखी घालायला लावली, असे सांगितले जाते.

तंत्राने दोन मुली एका चौकटीत आल्या, पण त्या वेगळ्या वाटतात त्या मिल्समुळे. सुसान बनलेली शॅरन आणि शॅरन बनलेली सुसान, अशा खरे तर चार भूमिका ती करते. तिचे इंग्रजी उच्चार मात्र बॉस्टनलाही आणि कॅलिफोर्नियालाही ब्रिटिशच राहतात. कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही.

गाणी आणि नामावली

शर्मन बंधूंचे ‘लेट्स गेट टुगेदर’ हे गाणे दोघी मुली आईबापांसमोर सादर करतात. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे गंभीर स्वर वाजता वाजता त्याचे रॉक अँड रोल होते. तबकडीवर गायिका म्हणून ‘हेली मिल्स आणि हेली मिल्स’ असे छापले होते आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत चढले. शीर्षकगीत टॉमी सँड्स आणि अॅनेट फुनिचेल्लो यांनी गायले. त्यावरची नामावली बाहुल्या चौकटीगणिक हलवून केलेली आहे आणि तिच्यात पुढची सगळी कथा आधीच फोडून टाकलेली असते.

श्रेयावरून रुसवाही झाला. करारानुसार आपले नाव पहिले असायला हवे होते, पण मिल्सचे नाव वर गेले, असे ओ’हारा यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्या पुन्हा डिस्नेकडे गेल्या नाहीत. चित्रपट तिकीटखिडकीवर जोरात चालला. ध्वनी आणि संकलन अशी दोन ऑस्कर नामांकने मिळाली. दोन्ही पुरस्कार ‘वेस्ट साइड स्टोरी’ने नेले.

मद्रासमार्गे मुंबई

भारतात ही कथा आली ती मद्रासच्या एव्हीएम चित्रपटसंस्थेतून. कृष्णन-पंजू या दिग्दर्शकद्वयाने आधी तमिळमध्ये ‘कुळन्दैयुम दैवमुम’ (१९६५) केला. त्यात जुळ्या मुली कुट्टी पद्मिनी हिने रंगवल्या. १९६६ मध्ये तेलुगू ‘लेत मनसुलु’ निघाला आणि १९६८ मध्ये हिंदी ‘दो कलियाँ’. हिंदीत बेबी सोनिया या नावाने दुहेरी भूमिका करणारी मुलगी म्हणजे पुढची नीतू सिंग. आईबाप माला सिन्हा व विश्वजीत, सोबतीला मेहमूद. महाराष्ट्रात चित्रपट विसरलेल्यांनाही त्यातले साहिर-रवी-लता यांचे ‘बच्चे मन के सच्चे’ आठवते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत ते वर्षानुवर्षे वाजत आले.

भारतीय रूपांतरात कथेची गाठच दुसरीकडे बांधली गेली. आईबाप एकमेकांना कंटाळून वेगळे होत नाहीत, त्यांना वेगळे करते बायकोची गर्विष्ठ श्रीमंत आई. घरजावयाचा अपमान, सासूचा तोरा, जावयाचा स्वाभिमान, ही आपल्याकडची ओळखीची सामग्री. हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून घटस्फोटाची वाट मोकळी केली होती, मुंबई इलाख्यात तर ती १९४७ पासूनच होती. पडद्यावर मात्र लग्न मोडल्याचा दोष नवरा-बायकोवर येऊ द्यायचा नाही, असा दंडक होता. दोषाचे गाठोडे सासूच्या डोक्यावर ठेवले की नायक-नायिका धुतल्या तांदळासारखे. केस्टनर यांनी मुलांना जे मोकळेपणाने सांगितले होते, ते इथे मोठ्यांनाही सांगायचे टाळले गेले. २००१ मध्ये राहुल रवैल यांनी काजोलला दुहेरी भूमिकेत घेऊन ‘कुछ खट्टी कुछ मीठी’ केला. त्यात मुली तरुण झाल्या होत्या, पण सापळा जुनाच.

पुढची रूपे

डिस्नेने १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी तीन उत्तरभाग काढले. त्यांत मिल्स मोठी झालेली शॅरन आणि सुसान म्हणून परतली. त्यांची विशेष आठवण ठेवावी असे काही नाही. १९९८ मध्ये नॅन्सी मायर्स यांनी दिग्दर्शनातले पदार्पण याच कथेने केले. बॉस्टनऐवजी लंडन आले, मळ्याऐवजी नापा खोऱ्यातला द्राक्षमळा, आणि दोन्ही मुली लिंडसे लोहान. नव्वदच्या दशकात वाढलेल्या बऱ्याच भारतीय प्रेक्षकांना ‘पेरेंट ट्रॅप’ म्हटले की हाच आठवतो. त्यातली आई स्वतःचा धंदा उभारलेली, वधूवस्त्रांची आरेखक आहे. केस्टनर यांच्या नोकरदार आईची आठवण अशी जरा श्रीमंतीत परतली. जोआना बार्न्सही परतली. १९६१ मध्ये नवरा हातचा गेलेली व्हिकी रंगवणारी ही नटी इथे नव्या नियोजित वधूची आई झाली, आणि पात्राचे नाव पुन्हा व्हिकीच ठेवले गेले.